छोट्या दांड्याला हात लावू नका

सणसरहून इंदापूरपर्यंत मी एकदा पिकअप चालवत नेली, आणि वाटेत एका सायकलवाल्यानं मला मागं टाकलं. नुसतं टाकलं नाही; पुढं जाऊन तो थांबला आणि कळवळून म्हणाला, "ढकलू का?" इंजिन तर विमान उडावं तसं केकाटत होतं. मला वाटलं, जुनी फोर-व्हील गाडी आहे, अशीच ओरडत असेल. खरं तर गाडी चारही चाकांच्या सगळ्यांत खालच्या गिअरमध्ये होती. चिखलात रुतलेला ट्रॅक्टर उपसून काढायचा असतो ना, त्या गिअरमध्ये. आणि तो गिअर टाकायचा, मोठ्या दांड्याशेजारचा छोटा दांडा सगळा रस्ता माझ्या डाव्या गुडघ्याला टोचत होता. मी बारामतीत चष्म्याचं दुकान चालवतो. लोकांना नीट दिसावं, हा माझा धंदा.

शेजारी बसले होते फोरबाय मामा. माझ्या बायकोचे, वैशालीचे, सख्खे मामा. आम्हाला मागं टाकून जाणाऱ्या प्रत्येकाला ते नावानिशी रामराम घालत होते. "कसं निवांत चाललंय बघा, जावईबापू. येरवी मानसं भेटत्यात कुटं?"

मामांचं रान सणसरला, कॅनॉलच्या खालच्या अंगाला. काळी माती. थोडं पाणी जास्त झालं की तिथं माणसाची चप्पल रुतायची, गाडीचं काय घेऊन बसलात! म्हणून मामांनी चारही चाकं ओढणारी फोर-बाय-फोर पिकअप घेतली, आणि गावानं त्यांचं नाव फोरबाय मामा पाडलं. इंजिनाची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटून देणारी एक लोखंडी पेटी तिच्या पोटाखाली असते, ट्रान्सफर केस म्हणतात तिला. मामांच्या गाडीची ही पेटी जन्मतःच आजारी होती. आज चेन ढिली, उद्या सील गळकं, परवा दांडा अडकला. गाडीखाली तेलाच्या डब्याचा अर्धा कापलेला पत्रा कायम मांडलेला असे. त्यात गळलेलं तेल मामा दाराच्या बिजागऱ्यांना घालत. त्यांच्या घरातलं एकही दार वाजत नसे. वाजायची ती फक्त गाडी.

कुणाचं वाहन रुतलं की फोन मामांना. ताटावरून उठून जायचे. उसाची ट्रॉली असो, नवरदेवाची जीप असो, साखळी लावून अशी उपटून काढायचे की बघणारे टाळ्या वाजवायचे. मग मामा दांडा पुन्हा जागेवर आणायला जात आणि पेटीतून खडाड असा आवाज येई. संपलं. ज्या ट्रॅक्टरला त्यांनी चिखलातून ओढून काढलं, तोच ट्रॅक्टर त्यांना ओढत बारामतीच्या मिस्त्रीकडे नेई. हे इतक्या वेळा झालं की लोक फोनवरच सांगायचे, "मामा, या. माघारी सोडायची जबाबदारी आमची."

मिस्त्री दर वेळी कपाळाला हात लावून म्हणायचा, "मामा, ही पेटी बदला आता."

"का रं? डोकं दुखतंय म्हून कोन डोकं बदलतं का?"

"अवो, पन रोजच दुखतंय की!"

"मंग तुजी बायकू रोज तुज्यावर वराडती. तिनं नवरा बदलावा का?"

मिस्त्री पाना घेऊन गाडीखाली सरकायचा.

पेटीचा आवाज ऐकायची मामांची एक रीत होती. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक पेटीला लावायचं आणि मूठ कानाला. घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला चहा झाला की गाडीखाली जावं लागे, आवाज ऐकावा लागे आणि मत द्यावं लागे. मी मामांच्या घरी वैशालीला बघायला गेलो, तेव्हाही ही रीत चुकली नाही. पोहे झाले, दोन प्रश्न झाले, आणि मामा म्हणाले, "चला पाव्हणं, जरा आवाज ऐका." नव्या पांढऱ्या शर्टासकट मी गाडीखाली आडवा झालो, मूठ कानाला लावली, डोळे मिटले आणि भक्तिभावानं म्हणालो, "वा! गोड आवाज आहे."

"आजून चालू कुटं केलीया?" मामा म्हणाले.

मी गाडीखालून बाहेरच येऊ नये, असं मला वाटलं. मामा मात्र घरात गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पोरगं खोटं बोलतंय, पन दुसऱ्याचं मन राखाया बोलतंय. आन त्येला खोटं बोलताबी येत न्हाय. देऊन टाका पोरगी." आमचं लग्न असं ठरलं.

मागच्या वर्षी मामांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. क्लच दाबायला पाय उठेना. पुण्यातला त्यांचा मुलगा म्हणाला, "आबा, गाडी विकून टाका. इंदापूरला गिऱ्हाईक आहे, रोपवाटिकावाला." मामा म्हणाले, "इक. मी आडवा येनार न्हाय." पण संध्याकाळी वैशालीजवळ ते जे बोलले, ते मीही ऐकलं. "पोराचा फोन रविवारी येतो, बाई. बाकीच्या दिवशी कोन तरी रुततं म्हून माजा फोन वाजतो. गाडी गेल्यावर मला कोन कशाला बोलवंल?"  सकाळी लवकर उठून वैशालीनं गाडीच्या काचा पुसल्या, आतली धूळ झाडली. मी म्हटलं, बिचारी मामांच्या गाडीचा निरोप घेतेय. याच गाडीवर मामांनी तिला चालवायला शिकवलं होतं.

गाडी इंदापूरला पोचवायचं काम माझ्याकडे आलं. त्याआधी तिच्या चाकाला हात लावायची मला कधी परवानगी नव्हती. स्टुलावरून मामांना चढवलं, मी स्टिअरिंगवर बसलो. मामा म्हणाले, "येकच सांगतो. छोट्या दांड्याला हात लावू नका." मी नाही लावला.

निमगावपर्यंत गाडीला करपट वास यायला लागला. इंदापुरात शिरलो तेव्हा दुकानांतली माणसं आवाजानं बाहेर आली. रोपवाटिकावाला फाटकात उभा होता. तो दोन पावलं मागं सरकला.

"काय झालंय हिला?"

"जावईबापू शिकल्यालं हायती," मामा म्हणाले. "त्येच सांगतील."

"चढाला फार ताकद आहे," मी म्हणालो. तिथं चढ नव्हता. मी फाटकात वळवायला गेलो, तर गाडी वळेना. चाकं उड्या मारत पुढं जायला लागली आणि पेटीतून खडाड असा आवाज आला. गिऱ्हाइकानं हात जोडले. "मामा, चहा घ्या आन जावा."

चहा झाल्यावर मामा शांतपणे म्हणाले, "आता चार हात मागं घ्या. डांबरावर पेटी आवळती, मागं घेतल्यावर सुटती." मी मागं घेतली आणि क्लच दाबून धरला. मामांनी छोटा दांडा चापटीनं पुढं सारला. टक्! आणि ती गाडी अशी पळाली म्हणता, वाटेत तोच सायकलवाला भेटला, त्यानं सायकल थेट रस्त्याकडेच्या चारीत घातली.

"मामा! म्हणजे आधीपासूनच?"

"मी तुमाला काय म्हनलो? हात लावू नका. लावला का? न्हाय. मंग तुमचं काय चुकलं? आन गिऱ्हाईक पळालं, त्येला मी आडवा आलो का?" मग आम्ही दोघं असे हसलो की लासुर्ण्याजवळ मला गाडी बाजूला घ्यावी लागली.

पुढं वर्षभर मी दर रविवारी सणसरला. चालवायचो मी, डाव्या सीटवरून हुकूम मामांचे. पाच-सहा गाड्या काढल्या आम्ही चिखलातून. ट्रॅक्टरमागं बांधून बारामतीलाही आलो, तो मान मलाही मिळाला. या हिवाळ्यात मामा गेले. झोपेतच, कुणाला साखळी लावायची तसदी न देता. त्यांचा मुलगा म्हणाला, "दाजी, गाडी तुम्हीच न्या." आता ती आमच्या दारात आहे, पत्रा मांडून. आमची दारंही वाजत नाहीत.

परवा पाहुणे आले होते. त्यांना गाडीखाली घालून आवाज ऐकवला आणि मामांनी मला कसं फसवलं, ते रंगवून सांगितलं. पाहुणे गेल्यावर वैशाली कपबशा विसळता विसळता म्हणाली, "अहो, क्लच दाबल्याशिवाय तो दांडा हलतो का? आणि मामांचा पाय उठत होता का? त्या सकाळी दोन्ही हात लावून ओढला मी, खांदा भरून आला होता."

मी म्हणालो, "मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं, तर तुम्हाला गिऱ्हाइकासमोर खोटं बोलावं लागलं असतं," ती म्हणाली. "आणि तुम्ही खोटं कसं बोलता, ते मी गाडी बंद असतानाच ऐकलंय."