चतुराबाईंची जांभळ्या शाईची पोथी

जानोरीच्या चतुराबाई सकाळी फुलं खुडायला वाफ्यात उतरल्या की हात आणि तोंड बरोबरच चालू होतं. आधी गडावरच्या देवीची आरती, मग खंडोबाचं नाव, मग सासूबाईंनी शिकवलेलं स्तोत्र आणि सगळ्यात शेवटी ते चौथं. ते चौथं सुरू झालं की बांधावर तंबाखू मळत बसलेले त्यांचे यजमान धोंडीराम हमखास म्हणत, "झाली का रशियन आरती सुरू? त्या झेंडूला तरी कळू दे, फुलायचं का पळायचं."

चतुराबाई उत्तर देत नसत. मध्ये बोललं की पाठ तुटतो आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणावं लागतं.

त्या चौथ्याचा अर्थ त्यांना ठाऊक नव्हता, आणि त्याची त्यांना खंतही नव्हती. सासूबाईंच्या स्तोत्राचा तरी कुठे ठाऊक होता? ज्याचं आहे त्याला पोचतं, एवढं पुरे.

हे सगळं शेपूपासून सुरू झालं. सत्त्याऐंशी साल. ओझरच्या विमान कारखान्यात तेव्हा रशियाहून इंजिनिअर यायचे आणि बायकापोरांसह टाउनशिपमध्ये राहायचे. चतुराबाई तेविशीच्या. घरची पाऊण एकर जमीन, त्यात थोडी फुलं, थोडा भाजीपाला. पाटी घेऊन त्या टाउनशिपच्या फाटकाशी बसत. एक दिवस एक उंच, गोरी बाई पाटीपुढे थबकली. तिनं शेपूची जुडी उचलली, नाकाशी धरली आणि तिथेच उभ्या उभ्या रडायला लागली.

चतुराबाईंचं धाबं दणाणलं. "अवो बाई, रडू नका! नको असंल तर मेथी घ्या."

पुढे कळलं की शेपू म्हणजे त्या लोकांची कोथिंबीर. सूप असो, बटाटा असो, त्यावाचून घास उतरत नाही. बाईंचं नाव नीना. आपलं गाव सोडून त्यांना आठ महिने झाले होते, आणि त्या जुडीत त्यांना अख्खं माहेर भेटलं होतं. दुसऱ्याच आठवड्यात चतुराबाई त्यांच्याकडे घरकामाला लागल्या.

पहिल्या दिवशी दोघींना एकमेकींचा एकच शब्द कळला, चाय. रशियनमध्येही चहाला चायच म्हणतात. तेवढ्या एका शब्दावर दोघींनी महिना काढला. मग हळूहळू थोडं हिंदी, थोडं मराठी, बरेच हातवारे. नीनाताईंनी काकडी शेपू घालून मिठाच्या पाण्यात मुरवायला शिकवली, चतुराबाईंनी पिठलं शिकवलं. धोंडीरामांनी ती काकडी चाखली आणि म्हणाले, "लोणचं हाय, पण तेल इसरली वाटतं बिचारी."

नीनाताईंचा एक नेम होता. सकाळची भांडी झाली की त्या बाह्या सारून कणीक मळायला बसत आणि मळता मळता काहीतरी म्हणत. वीसेक मिनिटं, रोज तेच, एका लयीत. ते संपल्याशिवाय तोंडात पाणी घेत नसत. चतुराबाईंनी पहिल्याच आठवड्यात ओळखलं की हा नित्यपाठ आहे. कोणत्या देवाचा, ते विचारायचं कारण नव्हतं. त्या वेळात त्या केरसुणीचा आवाजसुद्धा होऊ देत नसत. चार वर्षं रोज ऐकून ऐकून त्यांचेही ओठ हलायला लागले. पण आवाज मात्र त्यांनी कधी काढला नाही. दुसऱ्याचा पाठ त्याच्या देखत मोठ्यानं म्हणणं बरं दिसत नाही. त्यामुळे नीनाताईंना याचा पत्ताच लागला नाही.

एक्याण्णव सालच्या डिसेंबरात टाउनशिपमध्ये एकदम बांधाबांध सुरू झाली. त्यांच्या देशात काही मोठी उलथापालथ झाली होती. जायच्या आदल्या दिवशी नीनाताईंनी चतुराबाईंना स्वयंपाकघरात बोलावलं आणि रुमालात गुंडाळलेली एक जाड वही त्यांच्या हातात ठेवली.

"माझ्या आईचं. आईच्या हाताचं," त्या म्हणाल्या. "वाटेत बॅगा उघडतात. घरी काय होईल, माहीत नाही. तू ठेव. मी येईन. नाहीतर माझ्या नावानं कोणी येईल."

"देवीची आण," चतुराबाई म्हणाल्या, "जशी दिली तशी देईन."

नीनाताईंनी पत्ता लिहून दिला होता. ती चिठ्ठी सुरक्षित राहावी म्हणून धोंडीरामांच्या सदऱ्याच्या खिशात ठेवली. तिसऱ्या दिवशी सदरा धुतला.

वही मात्र राहिली. चतुराबाई चौथीपर्यंत शिकलेल्या. उघडून पाहिलं तर जांभळ्या शाईतली अनोळखी अक्षरं, पानं शिवणीतून सुटलेली. सुटी पानं, आईच्या हातचं लिखाण, म्हणजे पोथीच की. मग पोथीचं जे करतात ते सगळं त्यांनी केलं. लाल कापडात बांधली, वेखंडाचे तुकडे आणि वाळलेला कडुलिंब घातला, देवघराच्या वरच्या फळीवर ठेवली. दर श्रावणात ती सावलीत उघडून एकेक पान वाऱ्यावर धरायचं, त्याच क्रमानं परत लावायचं. घरात दोनदा वाळवी लागली, एकदा उंदरांनी पिशव्या कुरतडल्या. पोथीला कसरसुद्धा शिवली नाही. आणि बांधताना दरवर्षी वहीच्या मधोमध वाफ्यातलं एक ताजं झेंडूचं फूल. फूलवाल्याच्या घरची पोथी, तिला फुलावाचून कसं ठेवायचं?

अशी तीसच्या वर वर्षं गेली. पाऊण एकराचं अडीच एकर झालं, सून चैताली घरात आली. गेल्या दिवाळीनंतर चैतालीनं मोबाईलवर व्हिडिओ टाकला, 'सासूबाईंची रशियन काकडी'. आठवड्याभरात दारात स्कूटर थांबली.

आलेली बाई पस्तिशीची असेल. नाव वेदिका, नाशिकमध्ये रशियन भाषा शिकवणारी. पाणीसुद्धा न घेता तिनं विचारलं, "मावशी, ही काकडी तुम्हाला कोणी शिकवली?"

"नीनाताईंनी."

वेदिका तिथेच ओट्यावर बसली. सहा महिने ती टाउनशिपमध्ये, ओझरमध्ये, दहाव्या मैलाच्या नाक्यावर लोकांना विचारत फिरत होती. नीनाताईंच्या गावात जुन्या लेखकांची हस्तलिखितं जपणारं एक लहानसं संग्रहालय होतं, तिथल्या लोकांनी तिला नीनाताईंची वही शोधायचं काम सांगितलं होतं.

"नीनाताई हायेत?" चतुराबाईंनी विचारलं.

"आहेत. बहात्तर वर्षांच्या. वहीचीच वाट बघताहेत." मग तिनं सगळं सांगितलं. नीनाताईंची आई शाळेत शिकवायची. तिनं एक लांब कविता लिहिली होती. पण तेव्हा तिकडे दिवस असे होते की तसले कागद घरात सापडले तर माणूस घरी परतत नसे. म्हणून तिनं ते स्वतःच्या हातानं चुलीत घातले. वीस वर्षांनी, काळ जरा निवळल्यावर, पुन्हा आठवून ती कविता या वहीत उतरवली. दुसरी प्रत जगात कुठेही नाही.

"आता समजलं?" चतुराबाई नवऱ्याकडे वळल्या. "म्हने, कशाला जपती परक्याची रद्दी!"

"मी कवा म्हनलो?"

"सत्त्याण्णव साली. घर सारवत व्हते मी."

हात धुऊन, नमस्कार करून त्यांनी पोथी खाली काढली. वेदिका हातमोजे घालून एकेक पान उलटत होती आणि तिचा चेहरा फुलत होता. "मावशी, काय ठेवलंय तुम्ही! मोठमोठ्या ठिकाणी असं राहत नाही हो." चैताली फोटो काढत होती. धोंडीराम जणू आपणच लिहिल्यासारखे मान डोलवत होते.

आणि मग मधलं पान आलं. वेदिकाचा हात थांबला.

समोरासमोरच्या दोन्ही पानांवर मोठे पिवळे डाग पडले होते. ओल्या फुलानं दरवर्षी थोडी थोडी शाई पिऊन टाकली होती. कडेला कुठे एखादं जांभळं अक्षर, मध्ये काहीच नाही.

"इथलं वाचता येत नाही," वेदिका हळूच म्हणाली. "अठ्ठावीस ओळी असतील."

चतुराबाईंना तो पिवळा रंग आजवर पोथीला चढलेलं तेज वाटत आला होता. त्या उठून आत गेल्या आणि कोठीच्या खोलीत पाठमोऱ्या बसून राहिल्या. जशी दिली तशी देईन, म्हणून देवीची आण घेतली होती. वाळवीपासून वाचवलं, उंदरांपासून वाचवलं आणि आपल्याच हातानं पुसलं.

"आई, तुम्ही मुद्दाम केलं का?" चैताली म्हणाली. "प्रेमानंच ठेवलं ना फूल?"

"प्रेमानं त्यांच्या आईच्या तोंडावर हात ठिवला मी, पोरी."

त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. धोंडीरामांनी पाटावर ताट आणून ठेवलं, "मेथी हाय, शेपू नाय," असंही म्हणून पाहिलं. हसू आलं नाही. वेदिका जाताना म्हणाली, "उद्या सकाळी कॅमेरा घेऊन येते, पानांचे नीट फोटो काढू." चतुराबाईंनी तिचा हात धरला. "ताई, एवढं करा. नीनाताईंना आत्ताच सांगू नका."

सकाळ मात्र कोणासाठी थांबत नाही. फुलं खुडायचीच होती. नऊला टेम्पो येणार, नाशिकच्या द्वारका चौकातून फुलबाजारात माल जाणार. चतुराबाई वाफ्यात उतरल्या. मन जड होतं, पण नेम तो नेम. आरती झाली, खंडोबा झाला, स्तोत्र झालं. चौथं सुरू झालं.

वेदिका नेमकी तेव्हा बांधावरून येत होती. दहा पावलांवर ती अशी थबकली, की धोंडीरामांना वाटलं, साप दिसला.

"काका," ती कुजबुजली, "मावशी काय म्हणताहेत?"

"ती व्हय? रशियन आरती. नीनाबाईचं काय देवाचं हाय ते. रोज म्हनती. तुमी टोकू नका, नाय तर पुन्ना पयल्यापासून सुरू करल."

पण वेदिका धावत वाफ्यात शिरली होती. "मावशी! अहो मावशी, हे तर... ही तीच कविता आहे! वहीतली!"

चतुराबाईंच्या ओच्यातली फुलं खाली सांडली. "कायतरीच काय! वहीत त्यांच्या आईचं हाय. हा त्यांचा देवाचा पाठ हाय."

"देवाचा नाही. आईचाच आहे. पूर्ण येतो तुम्हाला?"

"न यायला काय झालं? पर मधूनच नाय यायचा. पयल्यापासून म्हनावा लागंल."

"म्हणा ना, पहिल्यापासून म्हणा!"

ओट्यावर चटई अंथरली. वेदिका वही उघडून ओळीखाली बोट धरून बसली, चैतालीनं मोबाईल रेकॉर्डिंगला लावला. चतुराबाईंनी डोळे मिटले, हात जोडले आणि सुरुवात केली. पहिलं पान जुळलं, दुसरं जुळलं. पाचव्या पानाशी धोंडीराम शिंकले. चतुराबाई थांबल्या, त्यांच्याकडे असं काही पाहिलं की ते उठून गोठ्यात जाऊन बसले आणि पाठ पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

मधलं पान आलं. वेदिकाचं बोट पिवळ्या डागावर येऊन थांबलं. चतुराबाईंचे डोळे मिटलेलेच होते. आपण कुठे पोचलो आहोत, हे त्यांना कळायचं कारण नव्हतं. आवाज तसाच लयीत चालला होता, एक ओळ, दोन, दहा, वीस. अठ्ठाविसावी संपली आणि पुढच्या पानावरचा पहिला जांभळा शब्द बरोबर त्यांच्या तोंडून आला.

पाठ संपल्यावर त्यांनी डोळे उघडले तर वेदिकाच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"चुकली का ओ?" गोठ्यातून आवाज आला.

"नाही काका, एक अक्षर चुकलं नाही!"

चतुराबाईंनी विचारलं, "आता सांगा, मी इतकी वर्सं काय म्हनते ते."

वेदिकानं सांगितलं. एका थंड गावातली बाई आहे. नदी गोठली आहे. बाई रोज कणीक मळते आणि गल्लीतून जी जी माणसं नाहीशी झाली, त्यांची नावं एकेक करून घेते, म्हणजे ती विसरली जाणार नाहीत. शेवटी बर्फ फुटतो, नदी वाहायला लागते. "आणि तुमच्या त्या अठ्ठावीस ओळींत सगळी नावंच आहेत, मावशी. माणसांची."

चतुराबाईंनी पदरानं डोळे टिपले आणि एकदम हसू फुटलं त्यांना. "आनि मी ती रोज झेंडूला सांगतीय! अहो, ऐकलं का? आपल्या वाफ्यात केवढी मानसं येऊन गेली!"

"म्हनूनच म्हनलं, गर्दी का वाटती," धोंडीराम म्हणाले आणि गोठ्यातून बाहेर आले.

तेवढ्यात वेदिकानं फोन लावलाच. पडद्यावर पांढऱ्या केसांची, जाड चष्म्याची म्हातारी दिसली.

"चतुरा," म्हातारी म्हणाली. "चाय?"

"चाय," चतुराबाई म्हणाल्या आणि दोघींच्या आसवांना बांध राहिला नाही. रडून झाल्यावर चतुराबाईंनी सगळं कबूल केलं. फूल, डाग, पुसलेल्या ओळी. वेदिकानं ते रशियनमध्ये सांगितलं, आणि वाफ्यातली गोष्टही सांगितली. नीनाताईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्यांना तीन वर्षांपूर्वी मोठं आजारपण आलं होतं. त्यात आईची कविता तुकड्या तुकड्यांनी गळून गेली होती. निम्मीअर्धी उरली होती, आणि नावं तर एकही नाही.

"माझ्याबरोबर म्हणशील?" त्यांनी विचारलं.

दोघी म्हणायला लागल्या. नीनाताई चार ओळी म्हणायच्या आणि अडायच्या. चतुराबाई पुढचा शब्द द्यायच्या, की त्या टाळी वाजवून पुढे निघायच्या. पाचव्या पानापर्यंत पोचल्या असतील नसतील, तोच रस्त्यावर टेम्पोचा हॉर्न वाजला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा लांबच लांब.

"अगं, टेम्पो जाईल!" धोंडीराम ओरडले. "फुलं कवा भरायची?"

चतुराबाईंनी डोळे न उघडता, पाठ न तोडता, नुसता हात उचलून त्यांना टेम्पोकडे पिटाळलं. धोंडीराम धोतर सावरत रस्त्याकडे पळाले आणि लांबूनच ओरडून सांगू लागले, "थांब रं बाबा, थांब! मानसं यायचीत अजून!"