तिसऱ्या दिवशीची वीणा

त्या वर्षी माझं आणि विठ्ठलाचं बोलणं बंद होतं. म्हणजे मी बोलत नव्हते. तो आधीही कधी बोलला नव्हता. लोकांचे अनुभव मी ऐकलेत, कोणाला दृष्टान्त होतो, कोणाला सुगंध येतो. माझ्या अनुभवाची सुरुवात रागाने झाली आणि खरं सांगायचं तर तो राग अजून पुरता गेलेला नाही. दुष्काळाच्या साली मी मेडशीच्या रस्त्यावर खडी फोडली. रोज हजेरी लागायची, पण मुकादमाने एकदाही विचारलं नाही की बाई, आज तुझा कितवा दिवस. घरातही कोणी विचारलं नाही, कारण माझी हजेरी लागली तरच चुलीवर काही चढायचं. मग पुढच्या वर्षी पाऊस पडला, ज्वारी पिकली आणि माझा विटाळ परत आला. पुन्हा महिन्याचे चार दिवस मी गोठ्याजवळच्या सपरीत, वेगळ्या ताटात, वेगळ्या गोधडीवर. तेव्हापासून मी देवळावरून जाताना मान वळवत नसे. खडीवर मी चालते आणि तुझ्या दारात चालत नाही, तर राहा बाबा तू तुझ्या घरी, असं मनात म्हणत असे.

ज्वारी निघाल्यावर त्या साली गावाने मोठा सप्ताह मांडला. आमचं गाव मेडशीपासून दोन कोसांवर, घरं शंभर-सव्वाशे. सप्ताह दरवर्षीच व्हायचा. पण या वेळी कमिटीने त्याला जोडून शाळेच्या मैदानावर नाचगाण्याचा मेळा ठेवला. पंधरा गावांच्या दिंड्या, पावली, भारुडं, किन्हीराजाकडची नाचत-गात सोंगं आणणारी दंडार, स्टेज, भोंगे, पाहुणे, सत्कार. महिनाभर गावात दुसरं बोलणं नव्हतं. आमचे हे मृदंग वाजवत, त्यामुळे ते तर घरात जेवायलाही हवेत तरंगतच येत. सगळ्या बायका पंधरा गावांच्या पंगतीसाठी चुलींवर. आणि मी, ऐन मेळ्याच्या दिवशी, तिसऱ्या दिवसाची, सपरीत बसलेली. गावातली एकमेव रिकामी बाई.

सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत. दोन-दोन तासांचे पहारे लावलेले असतात. ज्याचा पहारा असेल तो वीणा गळ्यात अडकवून देवासमोर उभा राहतो, नाम घेतो, आणि दुसरा येऊन घेईपर्यंत सोडत नाही. एकदा ती जमिनीला टेकली की सप्ताह मोडला. माझे सासरे, ज्यांना सारं गाव आबाजी म्हणे आणि मीही तेच म्हणत असे, त्यांचा दुपारी बारा ते दोनचा पहारा तीस वर्षं ठरलेला. त्या साली त्यांचा दमा बळावला होता. रात्ररात्र उशीला पाठ टेकवून बसत. आम्ही सगळे म्हणालो, औंदा राहू द्या. ते म्हणाले, "एवढी एकच चाकरी हाय माही. तेही काढून घेता काय?" त्यांच्यानंतर दोनला कमिटीच्या अध्यक्षांचा पहारा होता. स्वतःच्या हाताने त्यांनी यादीत आपलं नाव घातलं होतं आणि ती यादी देवळाच्या भिंतीवर चिकटवली होती, पाहुण्यांनी वाचावी म्हणून.

आमची सपरी देवळाच्या मागच्या भिंतीला लागून. मला तिथे बसून आबाजींचं नाम आणि तारेचा आवाज नीट ऐकू येई. अडीचची एसटी गेली तरी आवाज आबाजींचाच. मधे खोकल्याची उबळ, मग दोन शब्द, मग नुसती तार. मैदानावरचे भोंगे असे किंचाळत होते की सख्खा माणूस शेजारी मेला तरी कळू नये. मी उठून देवळासमोर गेले, पायरीच्या खालीच थांबले. आत चिटपाखरू नव्हतं. आबाजी खांबाला पाठ लावून कसेबसे उभे, ओठ काळेनिळे पडलेले, पण बोट तारेवर चालूच.

मी मैदानाकडे पळाले. माणसांना शिवायचं नाही म्हणून रस्त्याच्या कडेलाच उभी राहिले आणि बिल्ला लावलेल्या एका माणसाला ओरडून सांगितलं, पहारा बदलायला माणूस पाठवा, आबाजींचा जीव जातो. तो म्हणाला, "अध्यक्षसाहेब सत्काराले बसले हायेत बाई. हार झाले की पाठवतो." मला स्टेज दिसत होतं. अध्यक्षांच्या गळ्यात तीन हार होते आणि चौथ्यासाठी मान पुढे केलेली होती. बाजूला आमचे हे मृदंग घेऊन बसलेले. मी हात हलवला, त्यांनी पाहिलं, आणि तळवा दाखवून थांब म्हणून खूण केली. म्हणजे, एवढा गजर होऊ दे. पंधरा गावांचे लोक देवाच्या नावाने नाचत होते आणि देवाच्या पुढ्यात एक म्हातारा एकटा गुदमरत होता, आणि हे कळवायला धावलेली बाई गर्दीत शिरू शकत नव्हती.

परत आले तेव्हा आबाजींचे गुडघे वाकू लागले होते. पडले असते तर वीणाही पडली असती, आणि पडू नये म्हणून ते खांबाला घासत घासत स्वतःला वर ओढत होते. मी पायरीशी क्षणभर थांबले. भीती वाटली नाही असं म्हणणार नाही. लहानपणापासून ऐकलेलं सगळं अंगावर आलं, की नाग होतो, डोळे जातात, वंश बुडतो. मग मी आत गेले. जवळ जाऊन म्हणाले, "आबाजी, मी दूर बसली हाव. तिसरा दिवस हाय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. घरातच राहणारे, त्यांना ते ठाऊकच होतं. श्वास गोळा करून म्हणाले, "हे त्याले सांग. मले काहून सांगतं?" आणि गळ्यातला पट्टा काढून वीणा माझ्यापुढे धरली.

मी त्यांच्या पाया पडले, वीणा घेतली, आणि ते तिथेच खांबाशी खाली बसले. आता माझे हात अडकलेले. म्हातारा डोळ्यांसमोर घरघरतो आहे आणि मला हलता येत नाही. तेवढ्यात देवळाच्या आडावर बादलीचा आवाज झाला. दंडारीतला एक गडी, आपली पाळी यायची म्हणून थांबलेला, पाणी प्यायला आला होता. दंडारीत पुरुषच बाया होतात, त्यामुळे हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, हातात बांगड्या आणि गालावर रंग. मी हाक मारली. तो आला, एका नजरेत सगळं बघितलं आणि म्हणाला, "मायबाई, तू वाजव. मी पाहतो या बाबाचं." आबाजींना त्याने लेकरासारखं उचललं. त्यांच्या मंडळीची बंडी बाहेर सोडलेली होती, तिला बैल जुंपून तो मेडशीच्या डॉक्टरकडे निघून गेला. नाव विचारायचं मला सुचलं नाही. मागून कळलं की त्यांची दंडार पुकारली तेव्हा मुख्य नाच्याच नव्हता, म्हणून कमिटीने त्यांना गैरहजर लिहून टाकलं, आणि कारण सांगितल्यावरही पुन्हा पाळी दिली नाही. महिनाभर तालीम केलेली माणसं न नाचताच घरी गेली.

मग देवळात मी आणि विठ्ठल, दोघंच उरलो. नाम घ्यायला तोंड उघडलं तर नाम येईना, शिव्याच येत होत्या. मी तार छेडत होते आणि मनात त्याला म्हणत होते, बघ, तुझ्या समोर उभी आहे, कर काय करायचं ते. तुझे लोक कुठे आहेत बघ. किती वेळ मी अशी भांडले, माहीत नाही. काहीच झालं नाही. त्याच्या तोंडावर काही फरक पडला नाही, हात कमरेवर तसेच. भांडून भांडून मी थकले आणि कधीतरी लक्षात आलं की माझ्या तोंडून नाम चाललं आहे, आणि ते आबाजींच्या चालीत आहे. ती चाल मला कोणी शिकवली नव्हती. भिंतीपलीकडून मी ती बारा वर्षं ऐकली होती. त्या दिवशी पोटात सकाळपासून कळा होत्या, त्या पुढे आठवतच नाहीत. पाय दुखल्याचंही आठवत नाही. आठवतं ते एवढंच की मला कोणी बाहेर काढत नव्हतं. याला अनुभव म्हणायचं की नाही, ते ज्याचं त्याने ठरवावं.

उन्हं कलल्यावर सगळ्या दिंड्या पावली खेळत देवळाकडे आल्या. पहिली रांग दारात आली आणि टाळ थांबले. मागच्यांना कळेना, म्हणून ते मागे वाजवतच राहिले. अध्यक्ष हारांसकट पुढे आले. म्हणाले, "बाईमाणसाच्या हातात वीणा? सप्ताह बाटवला तुमी."

मी म्हणाले, "तुमचा पहारा दोनचा होता. घ्या."

त्यांनी हात पुढे केला. पण वीणा अशी घेत नाहीत. घेणाऱ्याने देणाऱ्याच्या पायावर डोकं ठेवायचं आणि मग हात लावायचा. ती रीत काही मी काढलेली नाही. मी एक पाऊल मागे सरले आणि तसं बोलून दाखवलं. पंधरा गावांची माणसं बघत होती. अध्यक्षांचा चेहरा लालभडक झाला, पण मान काही वाकेना. माझ्याही मनात तेव्हा भक्ती नव्हती, ते कबूल करते. मला ते डोकं माझ्या पायावर हवं होतं. तिसऱ्या दिवसाच्या पायावर. मी उभी राहिले असते, सकाळपर्यंत राहिले असते.

तेव्हा आमचे हे गर्दीतून पुढे आले. गळ्यातला मृदंग काढून बाजूला ठेवला. त्यांना दिवस माहीत होता; सकाळी माझं ताट त्यांनीच लांबून सरकवलं होतं. सगळ्या गावासमोर ते वाकले आणि कपाळ माझ्या पायावर टेकवलं. उठले तेव्हा एवढंच विचारलं, "आबाजी कुठी हायेत?" मी म्हणाले, मेडशीला नेलं. त्यांनी वीणा घेतली आणि नाम सुरू केलं. माझा सगळा ताठा तिथे उतरला. मी बाहेर येऊन आडाच्या काठावर बसले आणि पोटभर रडले.

दुसऱ्या दिवशी कमिटीने गोमूत्र शिंपडून वीणा शुद्ध करून घेतली, बाईने धरली एवढ्याच कारणासाठी. बाकीचं त्यांना माहीतच नव्हतं. आबाजी पाच दिवसांनी बंडीतून घरी आले. डॉक्टर म्हणाले होते, आणखी तासभर उशीर झाला असता तर उपयोग नव्हता. बाजेवर टेकल्या टेकल्या त्यांनी विचारलं, "खाली नाही ना टेकली?" मी म्हणाले, "नाही." मग मी गोमूत्राचं सांगितलं. ते म्हणाले, "बरं केलं. कमिटीचे हात लागले होते तिले." आणि खोकला येईपर्यंत हसले. आपल्याला कोणी नेलं हे मात्र ते फार गंभीरपणे सांगत. हिरवं लुगडं नेसलेली विठाबाई आली, तिने कडेवर घेतलं, वाटभर डोक्यावर पदर धरला. तो किन्हीराजाकडचा दंडारवाला होता हे मला माहीत होतं. मी कधी बोलले नाही. आबाजी चुकत होते असंही मला आता वाटत नाही.

पुढल्या सप्ताहाच्या आधी कमिटीने यादीखाली नवा नियम लिहिला, बायकांनी वीणेला हात लावू नये. आधी तो लिहायची गरज कोणाला वाटली नव्हती. माझ्या नावाने गावात तेवढं एक लिखाण झालं. मग अध्यक्ष घरी आले, बाजेच्या पायथ्याशी बसले आणि गोड बोलून म्हणाले, आबाजी, तुमची तब्येत आता बरी आहे, बारा ते दोन तुमचंच नाव घालतो. ज्या पहाऱ्यासाठी ते मरायला तयार होते, तो समोरून चालत आला होता. मी चहा देता देता थांबले. आबाजी म्हणाले, "माहा पहारा त मी सुनेले देल्ला. तिले विचारा."

अध्यक्षांनी मला विचारलं नाही. उठून गेले. रात्री मी आबाजींना म्हणाले की माझ्यासाठी तुम्ही चाकरी सोडू नका. ते म्हणाले, "देल्ली ते देल्ली. परत कशी मांगू?" मला तेव्हा कळलं की त्या दुपारी मी वीणा धरली यात मोठं काही नव्हतं, रागाच्या भरात माणूस काहीही धरून ठेवतं. त्यांनी ती सोडली होती, आपलं तीस वर्षांचं पुण्य समोर जो हात होता त्यात सोडून दिलं होतं, आणि तो हात कसा आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. देवावर हवाला टाकणं म्हणजे काय ते मी एवढंच पाहिलं आहे, आणि ते पाहायला मिळालं याबद्दल मी त्याची, आबाजींची आणि त्या हिरव्या लुगड्याची जन्मभर ऋणी आहे.

आबाजी त्यानंतर चार वर्षं, चार सप्ताह जगले. चारही वेळा दुपारी बारा वाजता ते घरातच, रिकाम्या हाताने, नाम घ्यायला बसले आणि मला शेजारी बसवलं. त्यातल्या एका वर्षी मी बाहेरची होते. बारा वाजले तसे आबाजी काठी टेकत सपरीत आले, माझ्या गोधडीवर बसले आणि म्हणाले, "चाल, सुरू कर."