कोऱ्या कडा

पन्नाशीची सुमाताई, माझी मोठी बहीण, पहिल्यांदाच रेसच्या ट्रॅकवर मोटारसायकल चालवणार होती. मेकॅनिकने तिचे टायर पाहिले. मधला पट्टा झिजलेला, कडा मात्र कोऱ्या.

"ताई, वळणावर गाडी कधी वाकवलीच नाहीत!"

"ऑफिसच्या रस्त्यावर कुठे वाकवणार?"

पहिल्या दोन फेऱ्या ती अंग चोरूनच फिरली. मग टायर तापले, रस्ता घट्ट धरू लागले, आणि एका वळणावर ती इतकी वाकली की मी ओरडलेच.

ती परतली तेव्हा कडा खरबरीत झाल्या होत्या. "टायर लवकर संपणार गं," मी म्हणाले.

"संपू देत की!" ती खळखळून हसली.

आपणही किती वर्षं मधल्या पट्ट्यावरच चालतो, असं माझ्या मनात आलं. मी सांगणार, तोवर ताई पुन्हा ट्रॅकवर निघालीही होती.