टेकडीचा वाटा

भागीरथाबाई घर विकणार, ही बातमी मला नळावर कळली. माझा असा भडका उडाला की अर्धी भरलेली कळशी तिथेच ठेवून मी तरातरा चढ चढून आले. आमची भिंतीला भिंत लागलेली. रोज सांजेला एकाच दगडावर बसून आम्ही चहा पितो, आणि घर विकायची गोष्ट मला नळावरच्या बायकांनी सांगावी? दारात उभी राहून जे सुनावायचं होतं ते सगळं मी सुनावलं. भागीरथाबाई सुपात झिंगे निवडत बसल्या होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, मी कुठं विकून राह्यली, भूपेश विकून राह्यला, आणि त्याच्या डोक्यात हे कोणी भरवलं ते नर्सबाईनं आधी आपल्या मनाला विचारावं.

मग मात्र मी तिथेच उंबऱ्यावर टेकले. मी दवाखान्यात नर्स आहे. भागीरथाबाईंचे सुजलेले गुडघे बघून त्यांच्या लेकाला मीच सांगितलं होतं की आता चढउतार बंद करा, नाहीतर बाई एक दिवस खाटेवर पडतील. सांगितलं ते बरोबरच होतं, पण भूपेश एवढं मनावर घेईल असं मला वाटलं नव्हतं.

आमचा टेकडी वार्ड म्हणजे गडचांदूरचा वरचा मजला समजा. ऑटोवाला पायथ्याशी थांबतो आणि वर बघून मान हलवतो. सिलिंडरवाला फोन करून "खाली या" म्हणतो. नळाचं पाणी आमच्यापर्यंत येता येता दमतं, म्हणून आम्हीच खाली पाण्याला जातो. दुपारी चुनखडीच्या खाणीत बार उडाला की फळीवरची भांडी वाजतात, आणि नवा पाहुणा असेल तर घाबरून अंगणात पळतो. माकडं तर कौलांवर हक्कानं राहतात. तरी मला कोणी म्हणालं की खाली ये राहायला, तर मी त्याच्याशी भांडेन. मेच्या उकाड्यात सारं गाव कूलरसमोर बसून घाम पुसत असतं, तेव्हा आमच्या अंगणात वाऱ्यानं दोरीवरचे कपडे उडून जातात. पावसाळ्यात खालच्या गल्ल्यांत गुडघाभर पाणी, आमचं अंगण कोरडं ठाक. आणि दगडावर उभं राहिलं की एका बाजूला माणिकगडचे डोंगर, दुसऱ्या बाजूला अमलनाल्याचं धरण. मी इथे बदलून आले तेव्हा सहा महिन्यांत खोली सोडेन म्हणत होते. आता निवृत्तीला आले, आणि अजून इथेच आहे.

भागीरथाबाई या टेकडीवर आल्या त्या नव्या नवरी असताना. माहेर वैनगंगेकाठचं, मासे धरणाऱ्या धिवरांचं. नवरा बाबुलालभाऊ धरणात जाळं टाकायचे, आणि या टोपली डोक्यावर घेऊन वस्तीत मासे विकायच्या. त्यांनी घर टेकडीवरच का बांधलं, हे एकदा त्यांनी मला सांगितलं होतं. अंगणातून धरणाचा काठ दिसतो. डोंगे, आमच्याकडच्या लहान होड्या, काठाकडे वळताना दिसले की त्या चुलीवरचं उतरवून टोपली उचलायच्या, आणि डोंगा काठाला लागायच्या वेळी तिथे उभ्या असायच्या. मासा पाण्यातून थेट त्यांच्या टोपलीत. म्हणून त्यांच्यासारखा ताजा मासा गावात कोणाकडे मिळत नाही असं लोक म्हणायचे, आणि ते खरं होतं. उरलेले झिंगे, बारीक मासे घरामागच्या रुंद खडकावर पसरायचे. तिथला वारा असा की ते एका उन्हात खडखडीत वाळायचे. माशी बसायलाही टिकत नाही तिथे.

आणखी एक गोष्ट. भागीरथाबाईंकडे तराजू कधीच नव्हता. त्या वाटे लावून विकायच्या. केळीच्या पानावर एक एक ढीग. मोठा मासा, लहान मासा, थोडे झिंगे, असं सगळं थोडं थोडं. ही रीत धरणावरची. सगळ्यांनी मिळून जाळं ओढलं की मासे काठावर ओततात आणि एक जण सारखे वाटे लावतो. मग दुसरा पाठ करून उभा राहतो. तिसरा एका वाट्यावर बोट ठेवून विचारतो, "हा कोनाचा?" पाठ केलेला माणूस मागे न बघता एक नाव घेतो. ज्याचं नाव निघालं त्याचा तो वाटा. मग कुरकुर नाही, अदलाबदल नाही. पाठ करायला माणूस भरवशाचा लागतो. अमलनाल्यावर वर्षानुवर्षं बाबुलालभाऊच पाठ करत आले. त्यांनी कधी मागे वळून पाहिलं असं त्यांचा दुश्मनही म्हणणार नाही.

तर भूपेश. हा यांचा एकुलता एक. सिमेंट कारखान्यात इलेक्ट्रिशियन आहे, मनानं चांगला, पण बापासारखा अबोल नाही आणि आईसारखा तर मुळीच धीराचा नाही. गावाबाहेर प्लॉट पाडून वसवलेल्या नव्या लेआउटमध्ये त्यानं घर घेतलं होतं. बायको डिंपलला तिथे नेऊन बिऱ्हाड लावलं होतं. आता आईबापांना खाली न्यायचं आणि टेकडीवरचं घर विकून टाकायचं, असा त्याचा बेत. गिऱ्हाईकही त्यानं शोधलं होतं. भैयाजी नावाचे एक गृहस्थ रविवारी घर बघायला येणार होते. भूपेशचं म्हणणं, घर राहिलं की माय काही ना काही निमित्त काढून वर चढत राहणार. आणि भागीरथाबाईंचं म्हणणं काय, ते कोणालाच माहीत नव्हतं, कारण त्यांनी सांगितलंच नव्हतं.

रविवारी सकाळपासून मला काही सुचेना. दवाखान्याला सुट्टी, म्हणून मी तीनदा त्यांच्या अंगणात जाऊन आले. माझं डोकं म्हणत होतं, बाईंनी खाली जावं. माझा जीव म्हणत होता, खबरदार गेल्या तर. दहाच्या सुमारास भूपेश आणि डिंपल आले. मागून भैयाजी धापा टाकत चढले आणि सावलीत टेकले. मी पाहिलेली ती पहिलीच वेळ, की गिऱ्हाईक घर न बघता आधी पाणी मागतं. शेजारची गिरजाबाई आली, मग तिच्या मागून गल्लीतले आणखी चार जण आले. लग्नघरी जमावीत तशी माणसं जमली.

भूपेशनं बोलायला सुरुवात केली. लेआउटमध्ये दारात नळ, दारात ऑटो, रात्री-बेरात्री काही झालं तर दारात ॲम्ब्युलन्स. इथे काय, तर गुडघ्याचं दुखणं, पाण्याची ओढाताण, सिलिंडरची कटकट आणि माकडं. गिरजाबाईनं मध्येच वाऱ्याचं काढलं, तर तो म्हणाला, वारा खाऊन गुडघे बरे होत नाहीत. मला राग आला. त्यानं माझंच वाक्य माझ्या अंगावर टाकलं होतं.

तेवढ्यात बाबुलालभाऊ धरणावरून आले. टोपली भरलेली होती. भागीरथाबाई उठल्या, त्यांनी टोपली अंगणाच्या मध्यभागी ओतली आणि लेकाला म्हणाल्या की इतकं बोलण्यापेक्षा वाटे लाव. एक टेकडीचा, एक लेआउटचा. ज्याच्या नावानं टेकडीचा वाटा निघेल, त्यानं या घराचं काय ते ठरवायचं. भूपेशच्या नावानं निघाला तर भैयाजींनी आजच बोलणी पक्की करावी, आणि त्या सांजेलाच गाठोडं बांधून लेआउटमध्ये येतील. भागीरथाबाईंच्या नावानं निघाला तर घर विकायचं नाही. पाठ बाबुलालभाऊ करतील.

अंगणात एकदम गलका झाला. भैयाजी तर सावली सोडून पुढे सरकले. आयुष्याचा फैसला कोणी माशांवर करतं का, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं, कारण खरं सांगायचं तर मलाही तो बघायचा होता.

भूपेश उकिडवा बसला आणि एक एक मासा उचलून सांगू लागला. हा मोठा रोहू, दारातला नळ. हा दुसरा रोहू, ॲम्ब्युलन्स. हा कतला, ऑटो. तिन्ही लेआउटच्या ढिगात. मग कल्ल्याजवळ टोकदार काटा असलेला शिंगाळा उचलून म्हणाला, हे मायचे गुडघे. तो टेकडीच्या ढिगात. मागोमाग बारीक काटेरी मासे, पाणी, सिलिंडर, माकडं. गिरजाबाईच्या आग्रहाखातर त्यानं वाऱ्याच्या नावानं मूठभर झिंगे टाकले, तेही नाइलाजानं.

भागीरथाबाईंनी दोन्ही ढिगांकडे पाहिलं आणि मग लेकाकडे.

"हा वाटा होय का गा?" त्या म्हणाल्या. "एकीकडं सारे रोहू, एकीकडं सारे काटे. धरणावर असा वाटा लावला असता तं तुह्या बापानं तुले पान्यात ढकललं असतं."

लोक हसले. भूपेश लाल झाला. धिवराच्या पोरानं वाटा चुकवावा, याहून मोठी फजिती नाही. भागीरथाबाईंनी दोन्ही ढीग हातानं मोडले आणि स्वतः बसून नव्यानं लावले. टेकडीला गुडघ्याचा शिंगाळा दिला, पण एक मोठा रोहूही दिला, तो वाऱ्याचा. पाण्याची ओढाताण दिली, आणि तिच्याबरोबर कतला दिला, अंगणातून दिसणाऱ्या धरणाचा. लेआउटला दारातल्या नळाचा रोहू ठेवला. मग तिथे काही काटेरी मासे टाकत त्यांनी लेकाला विचारलं की झिंगे कुठे वाळवायचे. डिंपलच मान खाली घालून बोलली. मागच्या आठवड्यात घरी मासे रांधले, तर शेजारणीनं नाकाला पदर लावून खिडकी बंद केली होती. हे तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. भागीरथाबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि लेआउटच्या ढिगात आणखी एक काटेरी मासा ठेवला.

आता दोन्ही वाटे खरंच सारखे दिसत होते. मीसुद्धा कोणता उचलावा ते सांगू शकले नसते.

बाबुलालभाऊंनी पाठ केली. तोंड धरणाकडे. कौलावरच्या माकडांची पळापळ तेवढी ऐकू येत होती. भागीरथाबाईंनी एका ढिगावर बोट ठेवलं. ते बोट लेआउटच्या वाट्यावर होतं.

"हा कोनाचा?"

मी माझ्या पदराचं टोक चावत होते.

"भूपेशचा."

मग काय सांगू. गिरजाबाईनं टाळी वाजवली, मी तिला मिठी मारली, आणि निवृत्तीला आलेली नर्स अंगणात नाचली असं वार्डात अजूनही सांगतात. लेआउट भूपेशचा, टेकडी म्हातारा-म्हातारीची. भैयाजींनी हात झटकले आणि विचारलं, घर नाही तर नाही, मासे तरी देता का. भागीरथाबाईंनी आधी हसून घेतलं, मग पदरानं डोळे पुसले.

भूपेश तिथेच बसून होता. त्याचं तोंड उतरलेलं पाहून माझा आनंद जरा थंडावला. पोरगं काही वाईट करायला निघालं नव्हतं. तो आपला वाटा सोडून आईच्या वाट्याकडे बघत होता. मग त्यानं हात घालून तो शिंगाळा उचलला.

"माय, हा मले दे."

भागीरथाबाईंनी त्याला सांगितलं की वाटा एकदा निघाला की अदलाबदल होत नाही.

"बदलून नाई मांगून राह्यलो. माहा वाटा माह्यापाशीच राहू दे. हा वरून दे."

"काटा रुतते त्याचा."

"रुतू दे. पानी मी आनीन, सिलिंडर मी चढवीन, दवाखान्यात मी नेईन. तू राह्य इथी. खाली उतरायचं काम आलं तं मले फोन कर."

बोलता बोलता त्याची मूठ आवळली, आणि काटा अंगठ्यात घुसला. रक्त आलं. मी उठायला गेले तर भागीरथाबाईंनी हातानं मला खाली बसवलं. भूपेशनं मासा सोडला नाही. रीतीत वरून द्यायला कोणाची मनाई नाही, असं बाबुलालभाऊ धरणाकडे तोंड करूनच म्हणाले. पाठ त्यांनी अजून वळवली नव्हती, आणि का वळवत नाहीत ते आम्हाला कळत होतं.

मग भागीरथाबाईंनी आपल्या वाट्यातला वाऱ्याचा रोहू उचलला आणि डिंपलच्या ओटीत घातला. मासे रांधायचे असले की इथे येऊन रांध, खिडकी कोणी बंद करणार नाही, एवढंच त्या म्हणाल्या. डिंपल रडली, मीही रडले, आणि माझ्या एकटीच्या घरातून मी सगळ्यांसाठी चहा करून आणला.

आता टेकडीचं तोट्याचं खातं तसंच आहे. ऑटोवाला पायथ्याशीच मान हलवतो. पण रविवारी भूपेश खांद्यावर सिलिंडर घेऊन चढतो आणि वर आला की आमच्या दगडावर बसून माझा चहा पितो. टोपली घेऊन धरणावर तो किंवा डिंपल जाते. भागीरथाबाई अंगणातून डोंगे वळताना बघतात आणि वेळेवर फोन लावतात, एवढाच काय तो फरक.

त्या रविवारी डिंपलनं इथल्याच चुलीवर सगळे मासे रांधले. भूपेशनं शिंगाळा कोणाच्याही ताटात पडू दिला नाही. अंगठ्याला माझी पट्टी बांधलेली, त्याच हातानं काटे वेचत वेचत त्यानं तो एकट्यानं संपवला.