आत्याला रुस्ताक दाखवलं, तो शुक्रवार

आत्याच्या व्हिसाचे चार दिवस उरले होते, म्हणून ओमानमधल्या रुस्ताकला जायचं ठरवलं. खरं कारण वेगळं होतं. परत गेल्यावर ती नाशिकच्या घरी जाणार नव्हती. काका, म्हणजे तिचे यजमान, गेले आणि त्या घरात दिरांची मुलं शिरली. आत्याला मूलबाळ नाही, तिचा भाऊ म्हणजे माझे बाबाही नाहीत. पुण्याजवळच्या एका वृद्धाश्रमात मी तिच्यासाठी खोली घेऊन ठेवली होती आणि तिला अजून सांगितलं नव्हतं. वाटलं, प्रवासात बोलणं सोपं जाईल.

सकाळी सातला वादी अदाईच्या आमच्या घरून निघालो. मी, बहात्तर वर्षांची आत्या आणि माझी अकरा वर्षांची अन्वी. बायकोला ड्यूटी होती. तुम्ही जाणार असाल तर वाटेत सीबला नाश्ता उरकून घ्या. जुन्या बाजारात मलबारी हॉटेलात गरम पराठे आणि दोनशे बैसांत दाट दुधाचा करक चहा मिळतो. आत्यानं तो बशीत ओतून, फुंकर घालत प्यायला.

बरका मागे पडलं की रस्ता डोंगरांकडे वळतो. दोन्हीकडे खजुराच्या बागा, समोर उघडे, तपकिरी कडे. अन्वीला शाळेत एका राजकन्येवर प्रेझेंटेशन द्यायचं होतं.

"आत्याआजी, प्रॅक्टिस करू? मराठीत सांगते. ती स्वीडनची प्रिन्सेस होती. तिचं लग्न झालं शेजारच्या नॉर्वेच्या प्रिन्सशी. तीन मुलं झाली. मग वॉर आला, जर्मन लोकांनी नॉर्वे घेतलं. ती मुलांना घेऊन बॉर्डर क्रॉस करून स्वीडनला गेली."

"म्हणजे माहेरी आली," आत्या म्हणाली.

"हो. तिचे काका किंग होते. पण स्वीडनला वॉर नको होता ना, सो ती तिथं राहिली तर प्रॉब्लेम."

"राजाच्या घरात एक खोली नव्हती?"

अन्वी हसली. मी आरशात बघायचं टाळलं.

"मग अमेरिकेनं शिप पाठवली. वॉर संपल्यावर ती नॉर्वेला परत आली. सगळे रस्त्यावर आले तिला बघायला. पण मग ती आजारी पडली. नवरा किंग झाला, त्याच्या आधीच गेली. क्वीन झालीच नाही."

आत्यानं खिडकीबाहेर बघत पदर सारखा केला. मग म्हणाली, "माहेराहून निघायचं, हे तिला सांगितलं कुणी? काकांनी स्वतः?"

"ते नेटवर नाहीये."

रुस्ताकचा किल्ला आम्ही बाहेरूनच पाहिला, आत्याचे गुडघे पायऱ्यांना तयार नव्हते. तिथून गाडीनं पाच-दहा मिनिटांवर ऐन अल कसफा हा गरम पाण्याचा झरा आहे. पाणी चांगलंच कढत असतं, पाय हळूहळू सोडा. अन्वी पुढं पळाली. आम्ही दोघं काठावर बसलो. शेजारी बसलेल्या ओमानी बाईंनी आम्हाला खजूर दिले आणि आत्याला हिंदीत विचारलं, "ये तुम्हारा बेटा?"

"नहीं," आत्या म्हणाली, "मैं इनके घर मेहमान हूँ."

बाई उठून गेल्यावर मी घसा साफ केला. आत्यानं हात वर केला.

"माझी ट्रंक तू नाशिकहून आश्रमात हलवायला लावलीस ना? शेजारच्या कुलकर्णीणबाईंचा फोन आला होता. तीन आठवडे झाले त्याला. म्हटलं, आज सांगेल, उद्या सांगेल."

"आत्या, इथल्या फॅमिली व्हिसात आत्या बसत नाही."

"विचारलंस?"

मी विचारलं नव्हतं. ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं होतं आणि मला ते सोयीचं होतं. तिनं पाण्यातून पाय काढले, पदरानं पुसले आणि म्हणाली, "खोलीला खिडकी आहे का?"

"आहे."

"मग झालं."

परतताना तिनं बाजारातून अन्वीसाठी हलव्याचा डबा घेतला. मंगळवारी विमानतळावर ती व्हीलचेअरवर बसली, अन्वीच्या गालावरून हात फिरवला. मी वाकलो तेव्हा डोक्यावर हात ठेवला, नेहमीसारखाच.

याला दोन महिने झाले. रुस्ताक सुंदर आहे, हिवाळ्यात जरूर जा. मी दर शुक्रवारी आत्याला फोन करतो. ती जेवणाचं, हवेचं, शेजारच्या खोलीतल्या बाईंचं सांगते. "तू कधी येतोस?" एवढं मात्र आता विचारत नाही.