कातळावरचा कवला

आमच्या ह्यांची उभी नोकरी पोफळीच्या वीजघरात गेली, आणि ते वीजघर डोंगराच्या पोटात. सकाळी बोगद्यातून आत गेलेला माणूस संध्याकाळी बाहेर यायचा. बाहेर ऊन पडलं होतं की पाऊस, हे मी घरी सांगायचं. म्हणून वाटलं होतं, रिटायर होऊन गावी आले की जरा उजेडात हिंडतील, चार कलमं लावतील, देवळात जाऊन गप्पा मारतील. कसलं काय! नाव घेऊनच सांगते, काशीराम नावाचा हा मनुष्य रोज सकाळी सड्यावर जाऊन उपडा पडायला लागला.

आमच्या घराच्या वरच्या अंगाला सडा आहे. लांबच लांब उघडा कातळ. उन्हाळ्यात पाय ठेववत नाही, पावसाळ्यात मात्र फुलंच फुलं. त्यात हे पोटावर झोपलेले, डोळ्याला भिंग, पाठीवर पाऊस. पहिल्यांदा शेजारची चिमा ओरडत आली, "वहिनी, भावजी पडले गो वर!" मी धावत गेले तर हे म्हणतात, "सावकाश! पाय बघून ठेव, कवल्यावर पडेल."

कवला तुम्ही खाल्ला असेल. श्रावणात कोवळे शेंडे खुडायचे, थोडी डाळ, वर ओलं खोबरं. मूग-चवळीच्या गोतातलीच ही रानभाजी, पण तिची शेंग कुणी बघितलेली नसते, कारण ती फुलाच्या हिरव्या कवचात घडी घालून बसते. माझ्या लेखी कवला म्हणजे कवला. ह्यांनी शोधून काढलं की कवले पुष्कळ आहेत. एकाच्या कवचावरच्या शिरा सरळ, केळीच्या पानावर असतात तशा. दुसऱ्याच्या जाळीदार, पिंपळाच्या पानासारख्या. एकाला बोट लावलं की पानं मिटतात. एक केसाळ, त्याच्या पिवळ्या फुलावर दोन लाल ठिपके. एक तर चक्क जांभळा. "सगळ्यांचं आडनाव एकच, स्मिथिया," हे जेवताना मला सांगायचे. "चुलत भावंडं. तोंडं सारखी, पण नीट बघितलं की कळतं कोण कुणाचा." मी म्हणायचे, "तुमच्या चुलत भावंडांना एवढं कधी बघितलं नाहीत ते!"

खोटं कशाला सांगू, मजा मलाही वाटायची. फक्त बोलून दाखवत नव्हते.

मग भाद्रपदात ह्यांना तो सापडला. सड्याच्या अगदी वरच्या कोपऱ्यात एक डबकं आहे, त्याच्या कडेला वीतभराचीही नव्हेत अशी ठेंगणी झाडं. कवचावर जाळी होती, केसाळ कवल्यावर असते तशी, म्हणजे त्याच्या जवळचा. पण केस नावाला, आणि फूल नुसतं पिवळं. ठिपका नाहीच. सड्यावर दुसरीकडे कुठेही असा कवला नव्हता. हे घरी आले ते चहा हातात घेऊन उभेच. "सावित्री, हा कुणातच बसत नाही गो," म्हणाले. मुलगी झाली तेव्हा असे दिसले होते, त्यानंतर आत्ता.

पण सडा आता आमच्या वाटणीचा नाही. तो पुतण्याचा, हर्षदचा. पोरगा मुंबईहून कायमचा आलाय, त्याला घर बांधायचंय, आणि घराला चिरा सड्यातूनच काढायचा. नेमका त्या कोपऱ्यातला दगड पक्का. हे त्याला कोपरा दाखवायला घेऊन गेले. हर्षद माणूस चांगला. तो म्हणाला, "काका, हे झाड खरंच वेगळं असेल तर मी कोपरा सोडतो. दुसरीकडे खाण लावीन, दगड जरा हलका मिळाला तरी चालेल. पण कुणा जाणत्याकडून खात्री करून सांगा. दसऱ्याला मुहूर्त आहे."

झालं! आता सगळं त्या एका फुलावर आलं. रत्नागिरीच्या एका कॉलेजात समीक्षा मॅडम म्हणून वनस्पतिशास्त्र शिकवतात, त्यांचा नंबर ह्यांनी मिळवला. त्या म्हणाल्या, फूल आणि शेंग असलेली ताजी झाडं घेऊन या, उद्या सकाळी मी आहे, मग तीन आठवडे बाहेरगावी. हे दुसऱ्या दिवशी उजाडताच भर पावसात जाऊन झाडं घेऊन आले, ओल्या फडक्यात गुंडाळून पडवीत ठेवली आणि अंघोळीला गेले.

तो दिवस गौर घरी येण्याचा. आमच्याकडे पहिल्या दिवशी गौरीला भाजी-भाकरीचा नैवेद्य. त्यासाठी ह्यांची थोरली बहीण, हौसाक्का, आलेली. मी तेरड्याची गौर आणायला बायकांबरोबर पाणवठ्यावर गेलेले. अक्कांनी फडकं सोडलं, बघतात तर कवला! शेंडे खुडले, फुलं-काड्या उकिरड्यावर, डाळ शिजत होतीच. मी परत आले तर भाजी गौरीच्या पुढ्यात, आणि अक्का डोळे पुसत सगळ्यांना सांगतायत, "माझा काशी बघा! गौरीची भाजी आणायला पावसात सड्यावर गेला. आई होती तेव्हा असाच जायचा!"

हे टॉवेल खांद्यावर टाकून उभे. चेहरा पांढराफटक. गौरीपुढे वाढलेलं पान, बहिणीच्या डोळ्यात पाणी. मी पदर तोंडात कोंबला, कारण मला हसू आवरेना, आणि ह्यांच्याकडे बघवतही नव्हतं.

बरं, गप्प बसतील तर हे कसले! पंगतीला बसल्यावर एकेकाला विचारायला लागले. चव कशी? नेहमीची की वेगळी? कडू? अक्का म्हणाल्या, "जरा खरबरीत लागते बाबा." हे ताडकन सरळ बसले. "खरबरीत? नेहमीपेक्षा?" अक्कांना वाटलं भाजीला नाव ठेवतोय, त्या रुसल्या. जेवण झाल्यावर ह्यांनी उकिरडा चाळला, पण काड्या कोंबड्यांनी कधीच विस्कटल्या होत्या, आणि फोन केला तर मॅडम गाडीत बसल्याही होत्या.

मग ते तीन आठवडे! रोज वर जाऊन फुलं संपली नाहीत ना ते बघायचं. रात्री जेवण नीट नाही. "आपल्या सड्यावर असावा आणि दगडाबरोबर जावा, हे मला सोसणार नाही," असं एकदा सरळ म्हणाले. वीजघरात मशीन बंद पडलं तरी ह्यांच्या तोंडून असलं काही निघालं नव्हतं. मला भीती वाटायला लागली.

नवरात्रात आम्ही दोघं एसटीने रत्नागिरीला गेलो. मॅडम तरुण, बोलायला गोड. त्यांनी फूल उलगडून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं, स्वतः बराच वेळ बघितलं. मग उठल्या आणि म्हणाल्या, "काका, तुम्हीच बघा. मोठ्या पाकळीच्या तळाशी."

हे वाकले. मी ह्यांच्या पाठीकडे बघत होते. खूप वेळाने म्हणाले, "आहेत. ठिपके आहेत. फिकट आहेत, पण दोन आहेत."

मॅडमनी समजावलं की केसाळ कवल्यात असं होतं. तिथे मातीचा थर बोटभर, म्हणून झाड ठेंगणं, केस कमी, रंग उतरलेला. जात तीच. "साध्या भिंगाने ते दिसणारच नव्हते," असंही म्हणाल्या. हे हो हो म्हणत होते. शेंग कशी सोडवायची तेही विचारून घेतलं. निघताना मॅडमना नमस्कार केला, त्यांचा वेळ घेतला म्हणून.

एसटीत मी सुरू केलं. "वेगळा आहे म्हणून सांगा की! हर्षद काय सूक्ष्मदर्शक घेऊन येणार आहे? तोच म्हणाला ना, तुम्ही सांगाल तर कोपरा सोडतो. कुणाचं काय जातंय?" हे खिडकीबाहेर बघत होते. मी पुन्हा म्हटलं. तेव्हा म्हणाले, "खोटं सांगून मग मी रोज तिथे जाऊन काय बघणार, सावित्री?" मला राग आला. एवढा राग आला की घर येईस्तोवर मी बोलले नाही.

हर्षद घरापुढच्या खळ्यात वाट बघत उभा होता. "काय निघालं, काका?"

"केसाळ कवलाच आहे. सड्यावर सगळीकडे असतो तोच."

"नक्की?"

"मी स्वतः बघितलं."

हर्षदने एकदा सड्याकडे बघितलं. त्यालाही वाईट वाटलं असावं. मग म्हणाला, "मग लावू काम?"

"लाव," हे म्हणाले.

त्याने वाकून ह्यांना नमस्कार केला. घर बांधायला काढलंय, मोठ्यांचा आशीर्वाद नको? ह्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "चांगलं घर होऊ दे," म्हणाले. मी आत निघून गेले आणि चुलीपाशी बसून रडले. राग ह्यांच्यावरच होता, आणि असा माणूस आपल्याला मिळाला याचंही रडू त्यातच होतं.

दसऱ्याला हर्षदने नारळ फोडला आणि जेसीबी सड्यावर चढला. हे बघायला गेले, मग मीही गेले. वरची माती खरवडत तो कोपऱ्यापर्यंत आला, तर डबक्याच्या कडेला हे उपडे पडलेले, डोळ्याला भिंग. जेसीबीवाला वरून ओरडला, "काका, बाजूला व्हा!"

ह्यांनी मान वर न करता हात दाखवला. "थांब जरा. हे एक फूल बघायचं राहिलंय."

आता हा शिव्या देणार, असं मला वाटलं. पण त्याने मशीन बंद केलं. सड्यावर एकदम शांत झालं. ह्यांनी ते फूल बोटांनी हळूच उघडलं, या कुशीवरून त्या कुशीवर होऊन दोन्ही बाजूंनी बघितलं, आणि समाधान होईपर्यंत बघत राहिले. मग गुडघ्यावर हात टेकून उठले, माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि जेसीबीवाल्याला हाताने खूण केली, चालू कर.