खालांच्या कुंड्यांतल्या बिनशंखाच्या गोगलगायी

पडेगावला आम्ही भाड्यानं राहत होतो तेव्हा मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते, विषय प्राणिशास्त्र. शेजारी एक खाला राहायच्या. नवरा तरुणपणीच गेलेला. लोकांचे कपडे शिवून त्यांनी एकुलत्या मुलाला शिकवलं होतं. तो पुण्याला नोकरीला. खालांचा सगळा जीव अंगणातल्या कुंड्यांत.

त्या पावसाळ्यात त्यांचा पुदिना आणि झेंडूची रोपं कुणीतरी कुरतडू लागलं. एका सकाळी त्यांनी मला हाक मारली.

"बेटा, हे बघ काय हाय. गोगलगायच दिसती, पण पाठीवर घर नाय."

काळपट, चपट्या, पाठीवर मधोमध फिकट रेघ. खालांच्या हातात मिठाची बरणी होती. एकीवर त्यांनी चिमूटभर टाकलंही होतं. ती आक्रसून फेसाळली होती. मी पाणी ओतलं, पण उपयोग झाला नाही.

मला वाईट वाटलं. थोडं शिकलेलं दाखवायची हौसही होतीच. मी कुंडी सरकवली. खाली ओल्या मातीत साबुदाण्यासारखी अंडी होती, एकमेकांना चिकटलेली.

"यांच्यात नर-मादी वेगळे नसतात, खाला. एकाच जिवात दोन्ही असतात."

खाला अंड्यांकडे बघत राहिल्या.

"म्हंजी आई बी तीच, अन् बाप बी तीच?"

"हो."

"मग माझ्यावानीच की."

त्यांनी बरणीचं झाकण लावलं.

मग आमचा रोजचा उद्योग सुरू झाला. संध्याकाळी कुंड्यांपाशी ओलं पोतं टाकायचं. रात्रभर हिंडून गोगलगायी पहाटे ओलाव्याला पोत्याखाली शिरायच्या. फजरची नमाज झाली की खाला पोतं उचलायच्या, मी जुन्या चमच्यानं त्यांना डब्यात भरायचे आणि आम्ही दोघी त्यांना सोडायला नाल्याकडे जायचो. डोळे शिंगांच्या टोकावर असतात हे कळल्यापासून खाला डब्यात डोकावून म्हणायच्या, "बघायली बघ माझ्याकडं." वाटेत त्या मुलाच्या लहानपणाचं सांगायच्या. दिवसा शाळा, रात्री मशीनच्या आवाजात त्याचं झोपणं. हे त्यांनी आधी कधी सांगितलं नव्हतं.

पुदिना थोडाफार वाचला.

पुढच्या वर्षी मुलगा त्यांना न्यायला आला. सामान भरताना मला म्हणाला, "अम्मी फोनवर रोज गोगलगायींचंच सांगायची."

अजून अधूनमधून खालांचा फोन येतो. यंदा पावसाळ्यात मी विचारलं, तिकडं गोगलगायी दिसतात का.

"सहाव्या मजल्यावर कोण येतंय, बेटा," त्या म्हणाल्या, आणि मग बराच वेळ आम्ही पडेगावचंच बोलत राहिलो.